पहिल्यांदाच बदकं उबवताय? कोंबडीचा हिशेब बाजूला ठेवा

आमच्या कुडाळ भागात बदकं पाळायला घेणाऱ्याच्या दारात आधीपासून कोंबड्या असतातच. खुराडं तयार, कोंडा-कणी घरची, एखादी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडीही हाताशी. मग ‘चार कोंबड्यांत चार बदकं’ म्हणत सुरुवात होते, आणि पहिल्या पंधरवड्यातच निम्मी पिल्लं जातात. वास्तविक बदकाचं पिल्लू कोंबडीच्या पिल्लाहून काटक. फक्त त्याचे दिवस वेगळे, पाणी वेगळं, खाणं वेगळं. ते सांभाळलंत तर बाकी कोंबड्यांचा अनुभव उपयोगी पडतो.

आधी अंडी. ज्या घरातून आणाल तिथे नर आहे का आणि किती माद्यांमागे, हे विचारायला लाजू नका. एका नरामागे पाच-सहा माद्या ठीक; दहा माद्यांत एक नर फिरत असेल तर बरीच अंडी रिकामी निघतात. अंडी आठवड्याच्या आतली हवीत, फ्रिजमध्ये ठेवलेली नकोत. बदकं कुठेही बसून घालतात, त्यामुळे अर्धी अंडी चिखलानं माखलेली असतात. ती धुऊन उबवायला ठेवू नका. धुताना कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं, घाण आत शिरते आणि दोन आठवड्यांनी अंडं फुटलं की खुराड्यात पाय ठेववत नाही. माखलेली अंडी सरळ अंड्याच्या पोळ्याला वापरा.

जात कुठली, हा प्रश्न सगळे विचारतात. अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल. इंग्लंडमधल्या एका कॅम्पबेल बाईंनी 1900च्या आसपास संकर करून ती तयार केली. खाणं चांगलं असेल तर वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते, पण ती स्वतः सहसा खुडूक बसत नाही. मस्कोव्ही, म्हणजे तोंडावर लाल गाठी असलेलं बदक, उत्तम बसतं. मात्र त्याची पिल्लं निघायला 35 दिवस लागतात. बाकी सगळ्या बदकांना 28. कोंबडीचे 21 धरून बाविसाव्या दिवशी अंडी फोडून बघणारे लोक मी पाहिलेत. आत जिवंत पिल्लू असतं.

पहिल्या वेळेला माझं मत विचाराल तर उबवणीचं मशीन घेऊ नका, कोंबडी बसवा. आमच्याकडे जूनमध्ये वाऱ्यानं एक फांदी पडली की वीज रात्रभर जाते. कोंबडीला विजेची गरज नाही. फक्त ती खरोखर खुडूक आहे ना ते बघा. दोन साधी अंडी देऊन दोन-तीन रात्री बसू द्या. हात पुढे केल्यावर अंग फुलवून टोचायला आली आणि जागेवरून उठली नाही, तर बाई पक्की. मग रात्रीच्या अंधारात खालची अंडी बदला. बदकाचं अंडं मोठं, त्यामुळे आठ-दहाच्या वर देऊ नका. कडेची अंडी गार पडतात. पाटीत तळाशी चुलीची राख, त्यावर निरगुडीचा किंवा कडुनिंबाचा पाला, वर पेंढ्याची खोलगट बैठक. राख-पाल्यानं उवांचा त्रास कमी होतो, आणि महिनाभर बसणाऱ्या कोंबडीला तो त्रास फार असतो.

तिला एक आठवडा जादा बसायचंय, हे लक्षात ठेवून तिचं पोट सांभाळा. रोज एकदा उचलून बाहेर आणा, भात, मका, पाणी द्या, पंधरा मिनिटं फिरू द्या. दहाव्या दिवसापासून ती उठली की अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिपका मारा. बदकीण आंघोळ करून ओल्या पोटानं परत येते, त्यामुळे तिच्या अंड्यांना ओलावा मिळतो. कोंबडी कोरडी, म्हणून ते काम आपलं.

सातव्या रात्री मोबाईलची बॅटरी लावून अंडी बघा. अंडं मुठीत धरा, जाड टोक उजेडावर टेकवा. चांगल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं आणि मध्ये एक काळा ठिपका दिसतो. जरा वेळ स्थिर धरलंत तर तो ठिपका हलतो. सगळं पिवळं, स्वच्छ दिसलं तर अंडं रिकामं. आत नुसतं लाल कडं असेल तर गर्भ मेलेला. ही काढून टाका. चौदाव्या दिवशी पुन्हा एकदा बघा आणि मग हौस आवरा.

मशीन घेतलंच असेल तर: पंखा असलेल्या मशीनला 37.5 अंश, बिनपंख्याच्याला अंड्यांच्या वरच्या पातळीवर साधारण 38.3. आर्द्रता 55 ते 60 टक्के. दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी फिरवायची. आठव्या दिवसानंतर रोज दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडून अंडी निववायची आणि कोमट पाणी फवारायचं. पंचविसाव्या दिवसानंतर फिरवणं बंद, आर्द्रता सत्तरच्या वर, आणि झाकण उघडायचं नाही.

आता अवघड भाग, तो म्हणजे काहीच न करणं. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या दिवशी अंडं कानाशी धरलंत तर आत टकटक आणि बारीक चिवचिव ऐकू येते. मग कवचावर एक बारीक तडा पडतो, आणि नंतर तास न् तास काहीच होत नाही. चोवीस तास सहज जातात, कधी छत्तीस. इथे सगळ्यांचे हात शिवशिवतात. पण त्या वेळात आतल्या पापुद्र्यातलं रक्त पिल्लाच्या अंगात परत जात असतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. तुम्ही कवच सोललंत तर रक्त येतं आणि पिल्लू जातं. वेळ झाली की ते स्वतःच गोल फिरत जाड टोकाची टोपी कापतं. बाहेर आल्यावर दिवसभर खाणंही लागत नाही, पोटातला बलक पुरतो.

कोंबडीखालची पिल्लं असतील तर ऊब तिची. मशीनची असतील तर खोकं आणि दिवा. दिवा जुन्या तारेचा, 60 वॉटचा. एलईडी लावून ‘पिल्लं का कुडकुडतात’ विचारू नका. पहिल्या आठवड्यात 32 अंश, नंतर दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिल्लांकडेच बघा. एकावर एक चढली तर थंडी वाजतेय, चोची उघडून कोपऱ्यात पांगली तर गरम होतंय. खाली वर्तमानपत्र घालू नका. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि मग ते पिल्लू उभंच राहत नाही. गोणपाट घाला, वर तूस.

पाण्याबाबत आमच्या सासूबाईंचं मत ठाम होतं: “पाण्याचा पाखरू ता, तेका खयची थंडी?” तसं नाही. पिसांना लागणारं तेल सुरुवातीला आईच्या अंगावरून मिळतं. मशीनमधल्या किंवा कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना ते मिळत नाही. त्यांची लव भिजते आणि ती थंडीनं मरतात. कोंबडी काठावर थयथयाट करते तोही काही उगाच नाही. पण प्यायचं पाणी मात्र चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकं खोल हवं, नाहीतर नाक-डोळे चिकटतात. पसरट भांड्यात मधोमध गोटे भरा, म्हणजे चोच जाते आणि अंग जात नाही. पोटावर खरी पिसं भरली की, म्हणजे पाचेक आठवड्यांनी, तळीत खुशाल सोडा.

खाणं नेहमी ओलसर आणि पाण्याच्या शेजारी. कोरडा भरडा घशात अडकतो. पिल्लांचं स्टार्टर खाद्य चालतं, प्रथिनं वीस टक्क्यांच्या पुढे, औषध न मिसळलेलं. बदकाला नायसिन, म्हणजे बी गटातलं एक जीवनसत्त्व, कोंबडीपेक्षा जास्त लागतं. कमी पडलं की सांधे सुजतात, पाय वाकडे होतात. जनावरांच्या औषधांच्या दुकानात बी-कॉम्प्लेक्सचं द्रावण मिळतं, ते बाटलीवरच्या प्रमाणात पाण्यातून द्या.

आणि बुरशी. याबद्दल मी जरा हट्टी आहे. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पटापट मेल्या, बदकांची पिल्लंही मेली. कारण निघालं ब्राझीलहून आलेली बुरशी धरलेली शेंगदाण्याची पेंड. अफलाटॉक्सिन हे विष त्यातूनच उजेडात आलं, आणि ते बदकाच्या पिल्लाला फारच थोडं पुरतं. आपल्या पावसात पेंड आणि मका आठवडाभरात वास मारतात. जे कोंबड्यांना ‘चालतंय की’ म्हणून घालतो, ते पिल्लांना घालू नका. म्हणूनच मी सांगते, पहिली बॅच दसऱ्यानंतर बसवा. पाऊस संपलेला, खाद्य कोरडं, आणि मोठी होईपर्यंत ऊन.

महिन्याच्या पुढे कोंडा, कणी, अझोला (पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती), गोगलगायी, मासळी साफ केल्यावरची घाण, काहीही चालतं. तीन-चार आठवड्यांना बदकांचा कॉलरा आणि आठ ते बारा आठवड्यांत डक प्लेग, या दोन लशींची चौकशी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच करून ठेवा. लस ऐन वेळी मिळेलच असं नाही. रानबदकं उतरतात त्या तळ्यावर सोडू नका. बर्ड फ्लू बदकाच्या अंगात लक्षण न दाखवताही राहतो, आणि 2006 साली नवापूरला आलेली त्याची साथ कोंबडीवाल्यांना अजून आठवते.

रात्री कोंडायचंच. मुंगूस, कोल्हा, आणि आमच्याकडे अजगर. कोंबडी उंच आढ्यावर बसते, बदक जमिनीवर. सकाळी नऊपर्यंत सोडू नका, कारण जवळपास सगळी अंडी त्याआधीच पडतात. लवकर सोडलंत तर ती तळीच्या तळाशी शोधा.

दोनेक महिन्यांत आवाज फुटतो. मोठ्यानं कलकलाट करते ती मादी, घोगरा बसका आवाज तो नर. पुढे त्याच्या शेपटीवर वर वळलेलं पीस येतं. जास्तीचे नर ठेवू नका, ते माद्यांच्या मानेची पिसं उपटून त्यांना बेजार करतात. आमच्याकडे ते सागोतीत जातात. सोलताना पाण्यात थोडा साबण टाका. पिसांवर तेल असल्यामुळे नुसतं गरम पाणी आत पोचत नाही आणि तासभर एकेक पीस उपटत बसावं लागतं. सोलून झालं की आतून-बाहेरून तीन पाण्यांनी धुवा.