लहान मुलांना लिहितं कसं करावं?

पहिलीतल्या एखाद्या मुलाची वही उघडून पाहा. पानभर ‘ग’, पुढच्या पानावर ‘म’, अक्षर वळणदार, खाली बाईंचा ‘छान’ असा शेरा. त्याच मुलाला ‘काल काय केलंस ते लिही’ म्हटलं की पेन्सिल जागची हलत नाही. गिरवताना हाताला वळण लागतं. पण मनातलं वाक्य धरून ठेवणं, त्यातले शब्द सुटे करणं, शब्दातला आवाज ऐकून त्याचं अक्षर आठवणं, यातलं काहीच गिरवताना करावं लागत नाही. आपण मुलाकडून जे करून घेतो तेच त्याला येतं. म्हणून ३ ते ८ वर्षांच्या मुलांबरोबर काय करावं, ते बाई-गुरुजी, अंगणवाडीताई आणि आईबाबा अशा सगळ्यांसाठी इथे सांगते.

१. आधी हात मोकळा होऊ द्या. कणीक मळणं, मटार सोलणं, मणी ओवणं, रांगोळीचे ठिपके, ओल्या मातीत काडीने रेघा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून डहाणूजवळच्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला पानं, खडे, शिंपले अशा आसपासच्या वस्तूंवरच बालशिक्षण उभं केलं. त्यासाठी आजही पैसे लागत नाहीत. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला दुरेघी वही देऊ नका. जाड खडू आणि मोठी फरशी पुरे.

२. रेघोट्यांना लेखन म्हणा. मूल कागदावर नागमोडी रेघ ओढतं आणि सांगतं, ‘मी आजीला पत्र लिहिलं.’ तेव्हा ‘हे काय गिरगटलंस?’ न म्हणता ‘वाचून दाखव ना’ म्हणा. ते वाचेल, आणि पूर्ण वाक्यात वाचेल. बोललेलं कागदावर ठेवता येतं, हे त्याला कळलेलं असतं. एमिलिया फेरेरो आणि आना तेबेरोस्की या संशोधकांनी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. अक्षरं शिकवण्याआधीच मुलं लेखनाबद्दल स्वतःचे नियम बांधतात, असं त्यांना दिसलं. उदाहरणार्थ, मोठ्या वस्तूचं नाव लांबलचक असणार! आपल्याकडचं मूलही हत्तीसाठी लांब रेघ आणि मुंगीसाठी टिंब काढू शकतं. त्याला तिथे चूक म्हणू नका, त्याचा विचार चालू आहे.

३. मुलांसमोर लिहा. वर्गात रोज दहा मिनिटं. ‘आज येताना काय पाहिलं?’ असं विचारा आणि मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. लिहिताना तोंडाने बोला, मग शब्दाखाली बोट फिरवत सगळ्यांनी वाचा. वारली किंवा कातकरी घरातलं मूल घरच्या बोलीत सांगेल, तर तेही तसंच उतरवा. घरी हेच काम वाण्याच्या यादीने होतं.

४. थोडी अक्षरं, पण लगेच शब्द. ‘ग म भ न’ हा क्रम आकाराच्या सारखेपणावर बेतलेला आहे, हाताला तो सोपा जातो. पण त्यातून शब्द निघतात ते गगन, नमन असे. सहा वर्षांच्या मुलाला ते कुठे वापरायचे? त्यापेक्षा म, क, स, ल आणि काना एवढंच घ्या: मामा, काका, मासा, मका, मसाला. सुरुवात मुलाच्या नावाने केली तर उत्तमच, कारण ते त्याला स्वतःहून लिहायचं असतं. सगळी बाराखडी पाठ होईपर्यंत शब्द थांबवून ठेवू नका.

५. चुकीचं लिहू द्या, आणि उत्तर द्या. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही पायरी. मुलाने लिहिलं, ‘मि मामचा गवि गलो’. लाल पेनाने सहा गोल काढले तर उद्या ते एक-दोन शब्दच लिहील, बिनचूक येतील तेवढेच. त्याऐवजी आधी मजकूर वाचा आणि खाली लिहा, ‘तू मामाच्या गावी गेलास? तिथे काय खाल्लंस?’ बरोबर रूप त्याच्या डोळ्यांसमोर आलं, आणि पुढचं वाक्य लिहायला कारणही मिळालं.

चुका नीट पाहिल्या तर पुढे काय शिकवायचं ते कळतं. काना-मात्रा गळत असतील तर अक्षरं ऐकू येतात, स्वर अजून सुटे होत नाहीत. मग टाळ्या वाजवून शब्द लांबवत म्हणा. ऱ्हस्व वेलांटी ऐकू येते अक्षरानंतर आणि काढायची असते आधी, त्यामुळे ती भलत्या बाजूला जाणं साहजिक आहे. ‘पाणी’चं ‘पानी’ लिहिणारं मूल बहुधा घरी ऐकलेलंच लिहितं. त्याचा कान बरोबर आहे. सहा-सात वर्षांपर्यंत उलटी अक्षरंही येतात. एका वेळी एकच गोष्ट दाखवा, बाकीचं राहू द्या.

६. लिहायला कारण द्या. कुंडीवर झाडाचं नाव, मित्राला चिठ्ठी, भांडणाची तक्रार, खेळाचे नियम. अनुलेखन आणि शुद्धलेखन बंद करा असं नाही. रोज चार ओळी, वळण नीट पाहून, पुरतात. बाकीचा वेळ मुलाच्या स्वतःच्या मजकुराला द्या.

७. कागद जपून ठेवा. प्रत्येकावर तारीख घाला आणि दोन-तीन महिन्यांनी शेजारी ठेवून पाहा. जूनमधल्या रेघोट्यांनंतर ऑक्टोबरमध्ये चार अक्षरं आणि एक काना दिसला, तर प्रगती चांगली आहे. पालकसभेत तेच कागद दाखवा. इतकी संधी मिळूनही दुसरी संपताना मूल दोन-तीन शब्दांपुढे जात नसेल किंवा लिहिणं सतत टाळत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, आणि मग विशेष शिक्षकांचा सल्ला घ्या.