मोडी कागद कोणी लिहिला? सॉफ्टवेअरला विचारताना या चुका टाळा

ठाण्यात जुनं घर पुनर्विकासाला गेलं की माळ्यावरचं मोडी दप्तर खाली येतं. हे अक्षर कोणाचं, हे शोधायला हल्ली हस्ताक्षर जुळवणारी सॉफ्टवेअर आहेत. घोळ बहुधा ती चालू करण्याआधीच झालेला असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पत्र ज्याच्या नावाचं, अक्षरही त्याचंच असं धरणं. मजकूर कारकून लिहायचा. मालक फार तर शेवटी दोन ओळी स्वहस्ते घालायचा. अख्खं पान त्याचा नमुना म्हणून दिलंत, तर सॉफ्टवेअर कारकुनाचा हात शिकतं. शेवटच्या ओळी वेगळ्या कापून घ्या.

फोनमधलं काळं-पांढरं फिल्टर नको. आपल्याकडच्या दमट हवेचे डाग आणि मागून उमटलेली शाई त्यात अक्षरं होऊन बसतात, बोरूचा जाड-बारीक फटकाराही सपाट होतो. निदान 300 डीपीआयचं रंगीत स्कॅन ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली प्रत तर नकोच.

एकाचे कागद स्कॅनरवर, दुसऱ्याचे फोनवर घेतले असतील तर निकाल झकास येतो आणि खोटा असतो. कोऱ्या समासाचे तुकडे देऊन बघा. त्यावरूनही ‘लेखक’ सापडला, तर ओळखला जातोय तो कागद किंवा स्कॅन, अक्षर नव्हे. एकाच पानाचे तुकडे शिकवायला आणि तपासायलाही वापरू नका.

वळणाचंही भान ठेवा. चिटणिसी किंवा बिवलकरी असं मोडीचं एकच ठरलेलं वळण गिरवलेले दोन कारकून सारखे दिसतात. उलट बोरू ठेवून धातूच्या निबाचा टाक हाती घेतला की एकाच माणसाचं अक्षर बदलतं.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये मृत समुद्राजवळ सापडलेल्या, बायबलमधल्या यशायाच्या ग्रंथाच्या गुंडाळीत संगणकाने दोन लेखनिकांचे हात वेगळे केले. नाव एकाचंही मिळालं नाही, आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. आपल्याला मात्र नावाचीच घाई! यादीत पाच नावं दिलीत की बरीच सॉफ्टवेअर त्यातलंच एक पुढे करतात, खरा लेखक सहावा असला तरी. म्हणून यादीबाहेरच्या, पण त्याच काळातल्या काही कारकुनांची पानं मुद्दाम तपासा. त्यांना सॉफ्टवेअरकडून जुळणीचे जेवढे गुण मिळतात, त्याच्या बरंच वर गेल्याशिवाय नाव लिहू नका. ‘लेखक अज्ञात’ अशी नोंद करा.