डायलिसिस कधी सुरू करायचं?

क्रिएटिनिन 5 झालं की डायलिसिस, हा हिशेब चुकीचा आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, त्यामुळे तोच आकडा तिशीतल्या पुरुषात ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाजी आकडा) सुमारे 15 दाखवतो आणि सत्तरीतल्या बाईत सुमारे 9. सडपातळ, अशक्त माणसात तर ईजीएफआरही खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणून रिपोर्टमधला ईजीएफआर बघा आणि तोही एकदाच नाही, गेल्या वर्षभरातला उतार बघा. उलट्या-जुलाब, जंतुसंसर्ग किंवा वेदनाशामक गोळ्यांनी तो अचानक घसरला असेल, तर आधी त्या कारणावर उपचार. अशी घसरण कधीकधी भरून निघते.

लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढतं का? ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये 828 रुग्णांवर झालेल्या ‘आयडियल’ चाचणीचा निष्कर्ष 2010 मध्ये आला: ईजीएफआर 10 ते 14 ला सुरू केलेले आणि 5 ते 7 पर्यंत थांबायचं ठरवलेले, दोन्ही गटांच्या जगण्यात फरक पडला नाही. मात्र थांबणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्रास सुरू झाल्याने ठरल्याआधीच डायलिसिस सुरू करावं लागलं. थोडक्यात, 10 च्या खाली गेल्यावर निर्णय लक्षणांवर ठरतो.

ती लक्षणं अशी: अन्नावरची वासना उडणं, सकाळची मळमळ, वजन घटणं, सतत खाज, औषधांनीही न उतरणारी सूज किंवा दम. सूज अंगावर असली की घटलेलं वजन काट्यावर दिसत नाही, हे लक्षात ठेवा. थकवा एकटाच असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. दोष रक्तक्षयाचाही असू शकतो.

पोटॅशियम 6.5 च्या वर, फुफ्फुसात पाणी, हृदयाच्या आवरणाला सूज, गुंगी किंवा झटके: यात घरी वाट बघायची नाही, रात्री असेल तर रात्रीच रुग्णालय गाठायचं.

खरी चूक तारखेत नसते, तयारीत असते. ईजीएफआर 15 ते 20 च्या दरम्यान असतानाच नेफ्रॉलॉजिस्टशी (किडनीतज्ज्ञाशी) फिस्टुलाचं, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी हातातली धमनी आणि शीर जोडण्याचं, बोलणं व्हायला हवं. शस्त्रक्रियेनंतर तो सुईसाठी तयार व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, काहींना तीन महिने, आणि काही फिस्टुला चालतच नाहीत. तयारी नसेल तर मानेत कॅथेटर घालून सुरुवात होते. त्यात रक्तात जंतुसंसर्ग होण्याचा धोका बराच जास्त. कामाचा नसलेला हात (बहुतेकांचा डावा) आतापासूनच जपा: त्यातून रक्त काढू देऊ नका, सलाइन लावू देऊ नका. फिस्टुला झाल्यावर त्या हाताला बीपीचा पट्टाही नको. रोज बोट ठेवून थरथर तपासा. थांबली तर त्याच दिवशी दाखवा.

पोटाच्या डायलिसिसची (पोटात द्रव सोडून रक्त शुद्ध करायची पद्धत) नळी सहसा दोन आठवडे आधी बसवतात. हिपॅटायटिस बीची लस लवकर घ्या, कारण किडनी जितकी खालावेल तितका तिचा परिणाम कमी होतो. घरात दाता असेल तर डायलिसिसच्या आधीच प्रत्यारोपण शक्य आहे का, तेही विचारा. आणि खर्च: 2016 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांना मोफत डायलिसिस मिळतं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेचीही चौकशी करा.

वय जास्त, हृदय कमजोर, अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल, तर डायलिसिस न करता औषधांवर त्रास कमी ठेवणं हाही पर्याय आहे. डॉक्टर तो स्वतःहून मांडत नसतील तर विचारावा लागतो.

मशीनवरच्या डायलिसिसची पहिली वेळ मुद्दाम छोटी ठेवतात, साधारण दोन तास. युरिया झपाट्याने उतरला तर मेंदूला सूज येऊन डोकेदुखी, उलटी, क्वचित झटके येतात.