हल्ला नेमका कुठं फसला? डाव तपासताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या हौशी बुद्धिबळपटूंना हल्ल्याची भीती नसते. हरल्यावर मात्र सगळा दोष शेवटच्या चालीला. "वजीर तिकडं नेला असता तर मात होती की मामा!" नसते. डाव बहुतेक वेळा चार-पाच चाली आधीच हातातून गेलेला असतो, आणि तपासणी तिथूनच सुरू करायला हवी.

सगळ्यांचा लाडका बळी, म्हणजे हल्ल्यासाठी मुद्दाम दिलेलं मोहरं, घ्या: पांढऱ्याच्या उंटानं एच ७ वरचं प्यादं मारून शह (पटाचे उभे रकाने ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८). सतराव्या शतकातल्या ग्रेको या इटालियन खेळाडूपासून हा चालत आलाय. राजा उंट मारतो, घोडा जी ५ वर शह देतो, राजा जी ८ वर परततो, वजीर एच ५ वर येतो आणि एच ७ वर मात दिसू लागते. पण समजा, काळ्याचा घोडा डी ७ वर आहे आणि पांढऱ्याचं प्यादं ई ५ ऐवजी ई ३ वरच बसलंय. मग काळा घोडा सरळ एफ ६ वर येतो: एच ७ राखतो, वर वजिरावरही चालून जातो. उंट गेला, मिळालं एक प्यादं. ई ५ वर प्यादं असतं, तर तो घोडा तिथंच मारता आला असता. म्हणजे चूक बळी देण्यात नव्हती, प्यादं पुढं न सरकवताच घाई करण्यात होती.

बळी देण्याआधी जी ५ वर कुणाचा डोळा आहे ते बघा. काळ्याचा उंट ई ७ वर असेल, तर घोडा तिथंच मारला जाईल. आणि राजा जी ८ वर परततोच असं नाही, जी ६ वरही पळतो. ही वाट बहुतेक जण मोजतच नाहीत.

शहावर शह देत सुटणं ही दुसरी खोड. प्रत्येक शहानं राजा सुरक्षित कोपऱ्याकडं ढकलला जात असेल, तर तुम्ही त्यालाच मदत करताय. ए १ चा हत्ती जागचा हललेला नसताना दोनच मोहऱ्यांच्या जोरावर हल्ला रेटणंही तसंच.

कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला आडोशाला नेणं, टाळणाऱ्यांबद्दल माझा एक संशय आहे. जुन्या देशी पद्धतीत कॅसलिंग नव्हतं. राजाला शह बसण्याआधी एकदाच घोड्याची उडी मिळायची. घरातल्या थोरांकडून शिकलेल्यांचा राजा अजूनही मधेच रेंगाळतो.

डाव संपला की लगेच स्टॉकफिश, म्हणजे चाली तपासणारं संगणक इंजिन, उघडू नका. इंजिन चाल सांगतं, तुम्ही ती का पाहिली नाही ते सांगत नाही. आधी बळीच्या चालीपाशी तुम्हाला काय वाटलं होतं ते वहीत लिहा. मग पट फिरवून काळ्याच्या बाजूनं बसा आणि बचाव शोधा. इंजिन त्यानंतर.