रामटेकला राहायला येताय?

लातूरहून मी इथे आलो तेव्हा पहिल्याच दिवशी टपरीवर चहा घेताना विचारलं, "भातलावणी कधी सुरू होते?" शेजारचे काका हसले. "भात ताटात राहते भाऊ, वावरात धान राहते. अन् लावणी नाही, रोवणी." तेवढं आधी शिकून घ्या. शेत म्हणजे वावर, खाचर म्हणजे बांधी, रोपं म्हणजे पऱ्हे.

बाकी फारसं अवघड नाही. घर भाड्याने मिळतं, मोठ्या कामाला बस धरून नागपूर गाठायचं. कूलर मात्र एप्रिलच्या आधी घ्या.

मक्त्याने (भाडेपट्ट्याने) वावर करायचं मनात असेल तर नीट ऐका. भाव कमी सांगितला की पहिला प्रश्न विचारा, वावर नहराच्या (कालव्याच्या) कोणत्या टोकाला आहे? पेंच नदीचं पाणी तोतलाडोह धरणातून नवेगाव खैरीच्या धरणात आणि तिथून कालव्यांत येतं. नागपूर शहराचं पिण्याचं पाणी त्याच धरणांवर, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रंही. वर मध्य प्रदेशात चौराईचं धरण झाल्यापासून आपल्याकडे येणारं पाणी घटलं. पाणी कमी पडलं की आधी पिण्याला, आणि टेलच्या, म्हणजे नहराच्या शेवटच्या टोकाच्या, बांधीला सगळ्यात शेवटी.

मी स्वस्त पडलं म्हणून टेलचंच घेतलं होतं. 2019 च्या जुलैत तोतलाडोह तळाला गेला, नागपुरात एक दिवसाआड पाणी सुटायला लागलं. माझे पऱ्हे तीन आठवड्यांत रोवायचे, ते दीड महिन्याचे होऊन पिवळे पडले. मध्य प्रदेशातल्या सिवनीकडून आलेली रोवणीच्या बायांची टोळी चार दिवस बसली आणि विहीरवाल्याच्या वावरात निघून गेली. राग आला होता, पण त्यांना पैसे एकरावर मिळतात. बसून राहिल्या तर खायचं काय?

तेव्हापासून टोळीला इसार (आगाऊ पैसे) जूनमध्ये देतो, पण रोवणीची तारीख नहर सुटल्याशिवाय पक्की करत नाही. जागामालकाकडे थकीत पाणीपट्टी नाही ना, पावती बघून घ्या. पाणी मागणीचा नमुना नंबर 7 वेळेत भरा. आपल्या पाण्याच्या पाळीच्या रात्री बॅटरी घेऊन स्वतः बांधावर थांबा, नाहीतर वरचा शेजारी आपलं पाणी वळवतो. (मीही एकदा वळवलंय.)

टोळीला गळकी खोली देऊ नका. दिवसभर पंधरा बाया पाठीवर प्लास्टिकचा कागद बांधून, हातात पऱ्ह्यांची जुडी धरून चिखलात मागे सरकत असतात. संध्याकाळी त्यांना कोरडी जमीन, कोरडं लाकूड आणि एक दिवा लागतो. तांदूळ-मीठ-तेल आधीच आणून ठेवा. हिशेब शेवटच्या बांधीवरच चुकता करा, "दुकानात या" म्हणू नका.

गेली चार वर्षं एकच टोळी येते. जून लागला की तिकडून म्होरकीचा फोन, "भैया, नहर खुली क्या?"