टेक्निक बीमचा हायड्रॉलिक प्रेस: खरोखर पाण्यावर चालणारा

लेगो ब्रिक्सचे जे 'हायड्रॉलिक प्रेस' व्हिडिओंमध्ये दिसतात, त्यातल्या बऱ्याच जणांत पाण्याचा थेंबही नसतो. आत मोटरवर फिरणारा लिनिअर ॲक्चुएटर असतो, म्हणजे मळसूत्राचा जॅक. इथे दिलेला प्रेस पाण्याच्या दाबावर चालतो. चौकट लेगो टेक्निकच्या बीमची, म्हणजे छिद्रांच्या पट्ट्यांची, सिलिंडर मेडिकल दुकानातल्या सिरिंजचे. लेगोचेच न्यूमॅटिक पंप आणि सिलिंडर पाण्यासाठी वापरू नका. ते हवेसाठी बनवलेले आहेत आणि पंपातली स्प्रिंग पाण्याने गंजते.

पाण्याची बाजू तशी सोपी आहे. खरं काम चौकटीचं. प्रेस वस्तूला जितक्या जोराने खाली दाबतो, तितक्याच जोराने सिरिंजचं नळकांडं वरच्या आडव्या बीमना वर ढकलतं. ब्रिकवर ब्रिक रचून खांब केले तर ते पहिल्याच दाबाला उखडतात, कारण ब्रिकवरच्या गोट्यांची (गोल उंचवट्यांची) पकड ओढ सहन करायला केलेली नसते. म्हणून भार नेहमी छिद्रातून आडव्या गेलेल्या ॲक्सलवर, म्हणजे दांडीवर, यायला हवा. ॲक्सल आडवा कापला जाणं फार अवघड, पिन सरळ ओढून काढणं फार सोपं. पुढची सगळी रचना या एका गोष्टीवर बेतलेली आहे.

सामान

१५ छिद्रांचे बीम ४ (खांब), ९ छिद्रांचे बीम १० (आडवे), ११ छिद्रांचा बीम १ (तिरपा), ८ लांबीचे (८ छिद्रांएवढे) ॲक्सल १०, ६ लांबीचे ॲक्सल ४, बुश (ॲक्सलवर बसणाऱ्या कड्या) ४२, हाफ-बुश (अर्ध्या जाडीच्या कड्या) २८, घट्ट बसणाऱ्या पिना ४, ६×६ प्लेट २, ४×४ प्लेट १. त्याच मापाचे दुसऱ्या कंपनीचे बीम चालतात, मात्र छिद्रात ॲक्सल सैल हलत असेल तर ते बाजूला ठेवा.

मेडिकलमधून २० मिली सिरिंज १, ५ मिली सिरिंज १, थ्री-वे स्टॉपकॉक (तीन वाटांची छोटी तोटी) १ आणि एक्स्टेंशन लाइन (बारीक नळी) २ आणा. सिरिंज नवीनच हव्यात, वापरलेल्या कधीही नकोत. सुया लागत नाहीत, त्या दुकानातच परत द्या. आट्याने घट्ट होणारी, लुअर-लॉक तोंडाची सिरिंज मिळाली तर उत्तम. याशिवाय दोन रबरबँड, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, केबल टाय आणि एक लाकडी फळी.

चौकट

छिद्रांमधलं अंतर ८ मिमी असतं. खांबाची छिद्रं खालून १ ते १५ अशी मोजा. आडवे बीम १, २, १३, १४ आणि १५ या छिद्रांवर येतील, पुढे पाच, मागे पाच. प्रत्येक पातळीवर डावीकडे एक आणि उजवीकडे एक ८ चा ॲक्सल. क्रम असा: हाफ-बुश, पुढचा खांब, पुढचा आडवा बीम, तीन बुश, मागचा आडवा बीम, मागचा खांब, हाफ-बुश. खांब आडव्या बीमच्या पहिल्या आणि नवव्या छिद्रावर येतात. जाडीची बेरीज बरोबर ८ भरते, त्यामुळे ॲक्सल कुठेही बाहेर डोकावत नाही. दोन आडव्या बीमच्या मधे तीन बुशांची, म्हणजे २४ मिमीची फट राहते. तिच्यातून २० मिलीच्या सिरिंजचं नळकांडं जातं.

वरचे तीन बीम एकमेकांना चिकटून ठेवण्याचं कारण आहे. सिरिंज १३ व्या पातळीच्या बीमला खालून ढकलते, तो किंचित वाकून १४ व्याला टेकतो, तो १५ व्याला, आणि भार वाटला जातो. फक्त एकच बीम लावला तर मधे बाक येतो आणि सिरिंज तिरकी होते.

नळकांडं डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून १३ आणि १५ या पातळ्यांवरच्या आडव्या बीमच्या तिसऱ्या व सातव्या छिद्रांतून ६ चे ॲक्सल घाला, मधे तीन बुश, टोकांना हाफ-बुश. आता चारही बाजूंनी सुमारे २४ मिमीचा चौकोन तयार होतो. नळकांडं त्यात सैल वाटलं तर त्याला टेपचे वेढे द्या.

एवढं जोडूनही चौकट बाजूने ढकलली तर तिरकी होते. त्यावर ११ छिद्रांचा बीम हा इलाज. मागच्या बाजूने त्याचं एक टोक डाव्या खांबाच्या ४ थ्या छिद्राला आणि दुसरं उजव्या खांबाच्या १० व्या छिद्राला पिनने जोडा. आडवं अंतर ८, उभं ६, तिरपं १०: हा काटकोन त्रिकोण आहे, म्हणून छिद्रं आपोआप जुळतात. जुळत नसतील तर मोजताना एक छिद्र चुकलंय. बीम ओढूनताणून बसवू नका.

खालच्या आडव्या बीमवर दोन ६×६ प्लेट एकावर एक ठेवा. हा झाला पाट. सगळी चौकट केबल टायने फळीला बांधा, नाहीतर वरच्या सिरिंजमुळे ती कलंडते.

सिरिंज बसवणं

आधी 'पाणी भरणं' वाचून मोठ्या सिरिंजमध्ये पाणी भरून घ्या. मग ही २० मिलीची सिरिंज तोंड वर करून, खालून फटीत घाला. तिचे पंख (बोटं टेकवायच्या कडा) पुढच्या आणि मागच्या आडव्या बीमखाली यायला हवेत. दट्ट्या खाली येतो. तोंड वर ठेवण्यात फायदा असा की हवेचे बुडबुडे तोंडाशीच जमतात आणि बाहेर काढता येतात.

४×४ प्लेट गोट्या वर करून दट्ट्याच्या चकतीला टेपने चिकटवा. पुढच्या आणि मागच्या १४ व्या बीमच्या मधल्या छिद्रात बाहेर डोकावणारी एकेक पिन लावा. रबरबँड पुढच्या पिनवरून खाली, गोट्यांच्या मधल्या खाचेतून चकतीखालून, आणि वर मागच्या पिनला. तसाच दुसरा. हेच रबर दट्ट्याला परत वर ओढतं आणि सिरिंजला बीमखाली धरून ठेवतं.

पाणी भरणं

उकळून गार केलेलं पाणी घ्या, त्यात विरघळलेली हवा कमी असते. खाण्याचा रंग टाकला तर बुडबुडे लगेच दिसतात. चौकटीत बसवण्याआधीच मोठ्या सिरिंजमध्ये ५ मिली पाणी ओढा, तोंड वर करून टिचक्या मारा, हवा काढा. मग एक लाइन जोडून दट्ट्या शून्यावर येईपर्यंत पाणी लाइनमधून सोडा. लाइनचं मोकळं टोक थ्री-वेच्या एका खोबणीत, पंपाची ५ मिली सिरिंज दुसऱ्या खोबणीत. थ्री-वेच्या उरलेल्या टोकाला दुसरी लाइन लावून तिचं टोक पाण्याच्या वाटीत बुडवा.

नेहमीच्या थ्री-वेचा दांडा ज्या वाटेकडे असतो ती वाट बंद. दांडा प्रेसकडे: वाटीतून पाणी ओढा. दांडा वाटीकडे: प्रेसमध्ये ढकला. पुन्हा प्रेसकडे केला की दाब तसाच धरून राहतो आणि पंप पुन्हा भरता येतो. काम झालं की दांडा पंपाकडे करा. रबर दट्ट्याला वर ओढतं, पाणी वाटीत परत येतं.

जोर किती मिळतो

व्यास मोजायची गरज नाही. सिरिंजवरच्या खुणांची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा आणि मिलीला तिने भागा. २० मिलीच्या खुणा ६.६ सेमीत असतील तर क्षेत्रफळ सुमारे ३ चौसेमी, ५ मिलीच्या ४.३ सेमीत असतील तर सुमारे १.१६. पास्कलच्या नियमाने दाब दोन्हीकडे सारखा, म्हणून जोर २.६ पट. अंगठ्याने ३ किलोचा जोर दिला तर खाली ७.८ किलो, त्यातून घर्षण आणि रबराची ओढ वजा. बदल्यात ५ मिलीचा पूर्ण दट्ट्या ढकलल्यावर प्रेस साधारण १७ मिमीच उतरतो. अंगठ्याचा जोर जोखायचा तर पंपाचा दट्ट्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टेकवून दाबा. २ मिलीचा पंप लावला तर जोर वाढतो, पण दाबही वाढतो आणि जोड सुटू लागतात. ५ मिलीवरच थांबणं शहाणपणाचं.

बिस्किट, भुईमुगाच्या शेंगा, थर्मोकोल, शाडूच्या मातीवर छाप, हे सगळं नीट होतं. काच, बॅटरी किंवा कडक धातू पाटावर ठेवू नका, आणि दाबताना डोळ्यांवर चष्मा असू द्या.

बिघाड

दाबताना पंप स्पंजासारखा लागतो, ते आत हवा असल्यामुळे. २.६ किलो प्रति चौसेमी दाबाला १ मिलीचा बुडबुडा जवळजवळ पाऊण मिली आक्रसतो. म्हणजे पंपाचं तेवढं पाणी वस्तू न दाबता वाया जातं. प्रेसची लाइन सोडून पुन्हा पाणी भरा.

लाइन निसटत असेल तर तोंड ओलं आहे. पुसून कोरडं करा आणि दाबत पाव फेरा फिरवून बसवा.

दट्ट्या अडकत-अडकत उतरतो तेव्हा आतला सिलिकॉनचा थर धुऊन गेलेला असतो. ग्लिसरिनचा एक थेंब पुरतो. मशीन ऑइल लावलं की रबर फुगून कायमचं अडकतं. याच रबराच्या कडेत गळती थांबवण्याची युक्ती आहे: दाब वाढला की ती भिंतीला आणखी घट्ट चिकटते. इंग्लिश संशोधक जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये पेटंट घेतलेल्या हायड्रॉलिक प्रेसलाही अशीच, चामड्याची वाटी लागली होती. तिचं श्रेय त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेला दिलं जातं.

सिरिंजचे पंख वाकताना दिसले की तिथेच थांबा. चौकटीतून कटकट आवाज आला तर आधी हाफ-बुश तपासा, ते सरकून ॲक्सल बाहेर येत असतो.

वापर झाल्यावर पाणी काढा, नळ्या झटकून वाळवा आणि रबरबँड उतरवून ठेवा. ताणलेले राहिले तर ते महिन्याभरात ढिले पडतात आणि दट्ट्या अर्ध्यावरच थांबतो.