गावातून चालणाऱ्या ऑनलाइन दुकानासाठी लोगो कसा तयार करावा

हळद, तिखट, जवसाची चटणी, मुगवड्या, मोहाचे लाडू असा माल विदर्भातल्या गावांतून आता व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्रामच्या जोरावर पुण्या-मुंबईपर्यंत जातो. गिऱ्हाइकाला दुकान कधी दिसत नाही. त्याला दिसतो मोबाइलवरचा नखाएवढा गोल आणि पार्सलवर काळ्या रंगात छापलेलं लेबल. म्हणून लोगोची सुरुवात या दोन ठिकाणांपासून करायची, पाटी आणि फ्लेक्स शेवटी. फ्लेक्सवर झकास दिसणारा लोगो मोबाइलवर नुसता डाग होऊन बसतो आणि बहुतेक दुकानांचं गणित इथेच चुकतं.

१. चित्र ठरवा

संत्रं, कापसाचं बोंड आणि वाघ ही चित्रं आपल्याकडे इतकी वापरली गेली आहेत की त्यांवरून तुमचंच दुकान ओळखू येणं कठीण. संत्र्याचा माल विकत असाल तर गोष्ट निराळी. नाहीतर तुमच्या कामातली एखादी वस्तू घ्या: जातं, उखळ, सूप, हळकुंड. तीन-चार सोप्या आकारांत जी काढता येते ती वस्तू चांगली.

आधी कागदावर दोन-दोन सेंटिमीटरचे दहा-बारा चौकोन आखा आणि जाड टोकाच्या मार्करने प्रत्येकात एक चित्र काढा. बारीक पेन नको. त्याने तपशील भरत जायचा मोह होतो आणि तोच तपशील पुढे मोबाइलवर गिचमिड होतो.

जात्याचंच घ्या. वरून पाहिलं तर एक मोठं वर्तुळ, मधोमध दाणे टाकायचं तोंड आणि काठाशी खुंटा. १०८० × १०८० पिक्सेलच्या चौकोनात ८०० व्यासाचं भरीव काळं वर्तुळ काढा. मधलं तोंड १७० चं पांढरं, खुंटा १२० चा पांढरा, काठापासून ६० पिक्सेल आत. खुंटा गाळला तर सीडी दिसते. तोंड आणि खुंटा एकाच मापाचे केले तर शर्टाची गुंडी दिसते. मापांतला हा फरक आणि खुंट्याची एका बाजूची जागा, एवढ्यावरच जातं ओळखू येतं.

व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम चौकोनी फोटोचे कोपरे कापून गोल करतात. १०८० च्या चौकोनात जो गोल बसतो त्यात मावणारा सर्वांत मोठा चौकोन साधारण ७६० चा असतो. अक्षर घातलंच तर ते या ७६० च्या आतच ठेवा. गोल चित्राला ९०० पर्यंत मोकळीक आहे.

२. नाव लिहा

अक्षरांवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण देवनागरीत चुका इथेच लपतात. गूगल फॉन्ट्सवर मुक्ता, बालू, हिंद, खंड, तिरो देवनागरी मराठी असे फॉन्ट मोफत आहेत आणि धंद्यासाठी वापरायची परवानगीही आहे. लहान मापात मुक्ता आणि बालू यांच्या जाड आवृत्त्या छान वाचता येतात.

समजा, नावात ‘वऱ्हाडी’ हा शब्द आहे. फॉन्ट निवडण्यापूर्वी हाच शब्द त्यात टाइप करून पाहा. कित्येकदा तो ‘वर्हाडी’ असा, डोक्यावर रफार घेऊन उमटतो. टाइप करताना नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग ह असा क्रम ठेवा. साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडचिन्हाचा कोड अशा पद्धतीने लिहिलेला शब्द एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना तो कोड गळतो आणि रफार परत येतो. नावात ‘ल’ किंवा ‘श’ असेल तर त्यांची वळणं मराठी आहेत की हिंदी, हेही बघून घ्या.

आणखी दोन गोष्टी बिघडतात. इंग्रजी लोगो पाहून अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. अंतर शून्यच ठेवा. अक्षरांना बाह्यरेषा दिली की जोडांवर आडव्या-उभ्या रेघा दिसतात, कारण प्रत्येक अक्षर सुटं असतं. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी अक्षरांचे आकार करा (शिफ्ट + कंट्रोल + सी), मग ते सगळे एकत्र जोडा (कंट्रोल + अधिक) आणि त्यानंतरच रेष द्या.

राज्याबाहेर माल जात असेल तर नावाची रोमन लिपीतली आवृत्तीही आत्ताच करून ठेवा. मोबाइलच्या गोलात मात्र फक्त चित्र घाला, फार तर एक अक्षर. पूर्ण नाव तिथे वाचता येत नाही.

३. कशात काढायचं

इंकस्केप मोफत आहे, साध्या संगणकावर चालतं आणि लोगो कितीही मोठा केला तरी फाटत नाही. कॅनव्हा हे डिझाइनचं अॅप मोबाइलवर सोपं पडतं, पण त्यातलं तयार चित्र उचलून लोगो केला तर तेच चित्र आणखी शेकडो जण वापरतात आणि त्याचा ट्रेडमार्कही घेता येत नाही. कॅनव्हा वापरायचंच तर त्यातले साधे आकार, रेषा आणि फॉन्ट एवढंच घ्या.

तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून करून घेत असाल तर तो बहुधा कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये, कृतिदेव किंवा श्रीलिपी हे जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरून करेल. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची भलतीच चिन्हं होतात. घरी निघण्याआधी मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकारांत, बदलून घ्या (कंट्रोल + क्यू) आणि मूळ फाइलही मागून घ्या.

४. काळ्यात तपासा, मग रंग

लोगो ३२ पिक्सेलपर्यंत लहान करून पाहा. साध्या फोनवर, भर दुपारी अंगणात उभं राहून पाहा. जे दिसत नाही ते काढून टाका.

कुरिअरचं लेबल थर्मल प्रिंटरवर, बहुधा २०३ डीपीआयला (म्हणजे एका इंचात २०३ ठिपके), फक्त काळ्यात निघतं. फिक्या छटांचे तिथे ठिपके होतात. रबरी शिक्का आणि कापडी पिशवी यांसाठी कुठलीही रेष अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक नको. पिशवीच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणजे दोन रंगांचा खर्च वाढतो.

रंग एक किंवा दोन. हळदीच्या पिवळ्यात पांढऱ्यावर नाव लिहिलं तर वाचता येत नाही आणि खाकी कागदावर तर ते गायबच होतं. पिवळा पार्श्वभूमीला घ्या, अक्षरं गडद तपकिरी किंवा काळी करा. स्क्रीनवरचा चटक केशरी छापून आला की मळकट दिसतो; छपाईची शाई तेवढी चमक देऊच शकत नाही. सुरुवातीला तिखटाच्या लालसाठी मॅजेंटा १००, पिवळा १००, काळा २० हे आकडे छापखान्याला द्या आणि एक नमुना छापून मागा.

५. कायद्याचं बघून घ्या

तिरंगा, अशोकचक्र, राजमुद्रा लोगोत घेऊ नका. १९५० च्या कायद्याने धंद्यासाठी त्यांचा वापर बंद आहे. नागपुरी संत्रं, भिवापुरी मिरची, वायगावची हळद यांना भौगोलिक मानांकन (जीआय) आहे. माल खरोखर तिथला असला तरी जीआयचं चिन्ह लावण्याआधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका हे शाकाहाराचं चिन्ह आहे, तसा आकार लोगोला देऊ नका. खाद्यपदार्थाच्या लेबलवर ते चिन्ह आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक यांच्यासाठी जागा आधीच सोडा.

ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर नाव मोफत शोधता येतं. तिथे मालाचे वर्ग पाडलेले असतात: मसाले, हळद आणि तिखट वर्ग ३० मध्ये येतात, लोणची वर्ग २९ मध्ये. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये लागतात, इतरांना ९,०००. नोंदणी १० वर्षांची असते. ती होईपर्यंत ‘टीएम’ लिहा. गोलातला ‘आर’ नोंदणीआधी वापरणं गुन्हा आहे.

६. फाइली

एसव्हीजी (कितीही मोठी केली तरी न फाटणारी फाइल) आणि पीडीएफ मूळ म्हणून ठेवा. पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फोटोंवर लावायला आणि १०८० ची चौकोनी पीएनजी प्रोफाइलला. मोफत कॅनव्हातून पारदर्शक पीएनजी मिळत नाही, इंकस्केपमधून मिळते. छपाईसाठी १० सेंटिमीटर रुंद लोगो ३०० डीपीआयला साधारण १,१८१ पिक्सेल रुंद लागतो.

छापखान्याला फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली तर ती दाबली जाते आणि कडा पुसट होतात. फ्लेक्सवाल्याला पीडीएफच द्या आणि लोगो ताणायचा नाही, उरलेली जागा रिकामी सोडायची, असं त्याला लिहून कळवा.